सातव्या खाचेचे शेपूट

मी एक जुनी रायफल आहे आणि या घडीला मी भयंकर रागावलेली आहे. मित्रांनो, सत्तरी ओलांडलेल्या वस्तूने असा थयथयाट करू नये, हे मला कळते. पण आधी माझी हकिकत ऐका. मग सांगा माझे कुठे चुकते ते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. दस्त्यावर शेवटचा हात फिरवणारा म्हातारा कारागीर जवसाचे तेल तळहातावर घेऊन मला चोळायचा. त्याला कसलीही घाई नसे. आज एक हात तेल, मग दोन दिवस विश्रांती, मग पुन्हा एक हात. दस्त्याच्या टोकाला, जिथे मी माणसाच्या खांद्याला टेकते, तिथे त्याने काळ्या कडक रबराची एक पट्टी बसवली आणि ती दोन स्क्रूंनी घट्ट केली. त्या स्क्रूंच्या डोक्यांवरची चीर अगदी बारीक आणि सरळ होती. हे स्क्रू लक्षात ठेवा. त्यांचे पुढे काम आहे.

तिथून मी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका लहान गावात आले. गाव लाकडाच्या गिरणीवर जगणारे. तिथल्या दुकानात कुऱ्हाडी आणि रॉकेलच्या कंदिलांच्या मध्ये मी उभी असायची. ऑर्व्हल नावाचा गिरणीतला एक तरणा कामगार रोज काचेबाहेर थांबून मला बघे आणि निघून जाई. असे त्याने आठ महिने केले. नवव्या महिन्यात तो आत आला आणि मला घेऊन गेला. मला इतक्या कौतुकाने कोणी बघितले नव्हते. बढाई नाही, खरे ते सांगते.

त्या डोंगरात दरवर्षी नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण झाला की हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. शाळांनासुद्धा सुट्टी असते. माणसे नारिंगी जाकिटे घालून पहाटे जंगलात शिरतात आणि जे मिळेल ते मांस वर्षभर पुरवून खातात. हरणांना माझ्याबद्दल काय वाटत असेल ते मी जाणते. त्या कामाची फुशारकी मी मारणार नाही. पण ऑर्व्हलच्या घरात एक रीत होती, आणि तिचा मला अभिमान होता. ज्याने माझ्या साहाय्याने आयुष्यातले पहिले हरीण आणले, त्याने आपल्या खिशातल्या चाकूने माझ्या दस्त्यावर एक खाच पाडायची. नाव नाही, तारीख नाही. नुसती एक खाच.

पहिली ऑर्व्हलची. दुसरी आणि तिसरी त्याच्या भावांची. चौथी आर्डिथची. आर्डिथ म्हणजे ऑर्व्हलची बायको. लग्नाला वर्ष झाले नव्हते, तेव्हाच्या हंगामात तिने सगळ्या दिरांच्या आधी हरीण आणले आणि जेवताना कोणाला काही सांगितलेसुद्धा नाही. पाचवी तिच्या नणंदेची. सहावी थोरला मुलगा कर्टिस याची. ती पाडताना ऑर्व्हलने त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता, म्हणून ती सगळ्यांत खोल गेली.

आणि सातवी डेनीची. डेनी धाकटा. तो बारा वर्षांचा होता, बोटे थंडीने बधिर झालेली, आणि बापाने हात लावलेला त्याला चालत नव्हता. "मी एकटा करणार!" म्हणाला. चाकू सटकला. खाच ओलांडून तो सरळ लाकडावरून धावत गेला, त्या काळ्या रबरी पट्टीवर एक चरा ओढला आणि तिथून डेनीच्या अंगठ्यात घुसला. माझ्यावर रक्त सांडले. ऑर्व्हल आधी ओरडला, मग बघत राहिला, मग हसत सुटला.

"अरे गाढवा, खाच पाड म्हटलं होतं. तू तर रस्ता काढलास!"

अशी सातव्या खाचेला एक लांब शेपूट राहिले. डेनी विशीत असताना गिरणीच्या रस्त्यावर बर्फावरून घसरलेल्या ट्रकखाली गेला. त्यानंतर माझ्यावर कोणी खाच पाडली नाही. कर्टिसच्या मुली शहरात गेल्या आणि त्यांना जंगलात रस नाही.

तेव्हापासून हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी आर्डिथ मला मांडीवर घेते. तेलाचे फडके फिरवते आणि मग अंगठा एकेका खाचेवर ठेवत नावे घेते. ऑर्व्हल आता या जगात नाही, तिचे दीरही नाहीत. गेली सहा वर्षे तिला दिसतही नाही. उजेड आणि अंधार एवढेच तिला कळते. पण अंगठा कधी चुकला नाही. सातव्या खाचेवर तो पोचला की शेपटावरून हळूहळू खाली यायचा, पट्टीवर थांबायचा, आणि ती म्हणायची, "हा माझा एकटा करणारा." वर्षभर कपाटात पडून राहण्याचे मला कधीच दुःख वाटले नाही. त्या एका दुपारसाठी मी होते.

आता माझ्या रागाकडे या.

कर्टिस गेल्या वसंतात गिरणीतून निवृत्त झाला. साठी उलटलेला माणूस, दिवसभर करायचे काय? त्याला फोनवर एक छंद सापडला. गंजलेल्या, मातीतून काढलेल्या बंदुका कोणीतरी घासतो, पुसतो, आणि दहा मिनिटांत त्या आरशासारख्या होतात. कर्टिस सकाळी कॉफी पिताना हे बघायचा, दुपारी बघायचा, जेवतानाही बघायचा. मग गॅरेजमध्ये एक टेबल आले, टेबलावर वस्तू जबड्यात आवळून धरणारी व्हाइस आली, आणि प्लास्टिकच्या पेटीतून हत्यारांचा आख्खा संच आला. भिंतीवर त्याने प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा खडूने काढली आणि तिथे खिळे ठोकले. दुकान सजले. दुकानदाराला मात्र काही येत नव्हते.

शिकवायला मर्लकाका होते. मर्ल हा ऑर्व्हलचा गिरणीतला दोस्त, वय एक्याऐंशी, चाळीस वर्षे आपल्या कोठारात गावाच्या बंदुका दुरुस्त करणारा. जिभेला हाड नाही, पण हात सोन्याचा. पहिल्या दिवशी तो एक मोडकी, जुनी शॉटगन घेऊन आला आणि टेबलावर आपटली.

"बंदूक हातात आली की आधी काय?"

"रिकामी आहे का बघायचं."

"मग?"

"परत बघायचं."

"बरं, एवढं तरी बापाने शिकवलंय. आता ही धर. कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली मला. वर्षभर हिच्यावर हात बसव. उघड, जोड, पुन्हा उघड. बिघडली तर कोणाचं काही जात नाही."

"वर्षभर? काका, फोनवर तो पोरगा एका दुपारी—"

"त्या पोराला सांग, माझ्या कोठारात येऊन झाडू मार."

मग मर्लने त्याला स्क्रू-ड्रायव्हर घासायला बसवले. घरातला स्क्रू-ड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता असतो. तो जुन्या बंदुकीच्या बारीक चिरेत नीट बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि स्क्रूचे डोके चावून टाकतो. म्हणून मर्ल प्रत्येक स्क्रूच्या चिरेप्रमाणे पाते घासून घेतो. त्याच्याकडे अशी साठ-सत्तर पाती आहेत. कर्टिसने अर्धे पाते घासले आणि त्याला कंटाळा आला. मर्ल गेल्यावर ती शॉटगन कोपऱ्यात गेली. तिच्यावर पोती पडली.

आणि ऑक्टोबरात एका सकाळी कपाट उघडले. कर्टिसने मला बाहेर काढले आणि मला म्हणाला, "चल म्हातारे, तुला नवी करू. आईला सरप्राइज."

मला नवे व्हायचे नव्हते! मला कोणी विचारले? तिला कोणी विचारले?

त्याने मला व्हाइसमध्ये धरले. जबड्यांना कातडे नाही, फडकेसुद्धा नाही. नळीच्या बाजूला दात उमटले. "अरेच्चा," म्हणाला आणि पुढे गेला. मग त्याला ती काळी पट्टी काढायची होती, कारण त्याने तिच्या जागी बसवायला नवी जाड, मऊ गादी आणून ठेवली होती. पेटीतला चकचकीत स्क्रू-ड्रायव्हर त्याने वरच्या स्क्रूला लावला आणि जोर दिला. पाते उसळले. पुन्हा जोर दिला. चीर फाटली. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी रेटा दिला आणि स्क्रूचे डोके उंदराने कुरतडावे तसे करून ठेवले. स्क्रू तसूभर हलला नाही. कर्टिसने मला अशा शिव्या घातल्या की त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. शेवटी त्याने त्या पट्टीवर कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "हंगाम झाल्यावर बघतो तुझ्याकडे."

मग त्याने खाचांचा फोनवर फोटो काढला. हो, काढला. तेवढी अक्कल होती. मग दस्त्याला रंग काढायचे औषध फासले आणि पॉलिश पेपर लावलेले यंत्र सुरू केले.

मित्रांनो, त्या आवाजाबद्दल मी बोलणार नाही. ज्या तेलाला त्या म्हाताऱ्या कारागिराने दिवस दिले होते, ते गेले. ऑर्व्हलच्या गालाचा इतक्या वर्षांचा घाम गेला. एकेक खाच उथळ झाली, मग नुसती सावली राहिली, मग सावलीही गेली. सातवी शेवटी गेली. टेबलाखाली तपकिरी भुकटीचा ढीग झाला आणि कर्टिसने तो केरसुणीने लोटून डब्यात टाकला.

त्यानंतर त्याने फोटो समोर ठेवला, मोजपट्टी आणि पेन्सिल घेतली, सारख्या अंतरावर सात खुणा केल्या आणि छोट्या कानशीने सात नव्या खाचा पाडल्या. एकसारख्या. सगळ्या सरळ, सगळ्या एका मापाच्या. वरून चकचकीत वॉर्निशचे चार हात, आणि ते सुकल्यावर रबरावरची चिकटपट्टी काढली. मला अगदी बोहल्यावर चढवायच्या नवरीसारखी सजवली, आणि माझा जीव रागाने फुटायचा बाकी राहिला होता.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मर्ल आला. मला बघितले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"लाकूड घासलंस?"

"छान झालंय ना, काका?"

"लाकूड घासलंस का, ते विचारतोय मी."

"खाचा परत पाडल्यात. मोजून. सातच्या सात."

"मोजून! शाबास! अरे, मी तुला खुराड्यातली बंदूक कशाला दिली होती? नासायला दिली होती ना? मग ही कशाला नासलीस?"

"आईसाठी केलं हो सगळं..."

"आणि तिला काय सांगणार?"

कर्टिसने मान खाली घातली. मग जे बोलला ते मी विसरणार नाही. "तिला दिसतंय कुठे, काका. सात खाचा हाताला लागल्या की झालं."

मर्लने टोपी उचलली. दाराशी जाऊन वळला. "तुझी आई आंधळी आहे, कर्टिस. मूर्ख नाही." आणि गेला. त्या घटकेला मला पाय असते तर मीही त्याच्यामागे गेले असते.

दोन दिवसांनी ती दुपार आली. स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी पेटलेली, सणाला उरलेल्या टर्कीचे सूप उकळत होते. आर्डिथ खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, तेलाचे फडके मांडीवर तयार. कर्टिसने मला आणून तिच्या हातात दिले आणि तो समोर उभा राहिला. गिरणीत साहेबासमोर उभा राहायचा तसा.

तिने आधी वास घेतला. मग दस्त्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"ही कोणाची आणलीस?"

"आपलीच आहे, आई."

"चल, काहीतरीच. आपली अशी बुळबुळीत नाही. मर्लची का?"

"आपलीच गं. मी जरा... नवी केली. तुला सरप्राइज."

तिने मला मांडीवर घेतले. अंगठा सरकू लागला. ऑर्व्हल, ती पुटपुटली, पण प्रश्न विचारल्यासारखी. दुसरी. तिसरी. चौथीवर, तिच्या स्वतःच्या खाचेवर, अंगठा परत परत फिरला. पाचवी, सहावी, सातवी. मग ती पुन्हा पहिलीकडे गेली. वरून खाली, खालून वर.

"डेनी कुठाय?" ती म्हणाली.

"सातवी, आई. ती बघ, शेवटची."

"सातवी सापडली मला. मोजता येतं मला. डेनी कुठाय, विचारतेय मी."

शेगडीत लाकूड तडकले. कर्टिसने सगळे सांगितले. औषध, यंत्र, फोटो, मोजपट्टी, कानस. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला. आर्डिथ ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"सगळ्या सारख्या करून ठेवल्यास," ती म्हणाली. "या घरात दोन माणसं कधी सारखी नव्हती रे. तुझा काका डावखुरा, त्याची खाच उलटीकडे कललेली. माझी बारीक, कारण माझ्याकडे बटाटे सोलायची सुरी होती. मी कोणाला शोधू आता? सांग ना! कोणाला?"

"चुकलं, आई."

"चुकलं काय चुकलं! मीठ जास्त पडलं की चुकतं!"

तिने मला बाजूला सारायला उचलले, तेव्हा तिचा हात माझ्या टोकाला लागला. काळ्या पट्टीला. अंगठा सवयीने खाली उतरला होता, ज्या वाटेने तो चाळीस वर्षे उतरत आला तसाच, आणि तिचे नख अडकले.

"थांब," ती म्हणाली. कोणीच हलले नव्हते.

तो चरा तिथेच होता. डेनीच्या चाकूने रबरावर ओढलेला, शेपटाचा शेवटचा तुकडा, तिच्या नखाएवढा. ती त्यावरून नख फिरवत राहिली. तिचा श्वास मला लाकडातून कळत होता.

"हे कसं राहिलं?"

"पट्टी काढायची होती. नवी गादी आणली होती." कर्टिस म्हणाला. "पण स्क्रू निघाला नाही. डोकं खाऊन टाकलं मी त्याचं."

आर्डिथने चाचपून तो कुरतडलेला स्क्रू शोधला आणि त्यावर बोट ठेवले.

"देवाची कृपा, तुला काहीच येत नाही," ती म्हणाली. "या पट्टीला पुन्हा हात लावलास ना, तर मर्लला सांगून तुझं सगळं गॅरेज नदीत टाकायला लावीन."

"नाही लावणार."

तो खाली तिच्या पायाशी बसला. सुपाचे भांडे उतू गेले तरी कोणी उठले नाही. मग आर्डिथने पुन्हा मला मांडीवर नीट घेतले आणि सहाव्या खाचेवर अंगठा ठेवला.

"आणि तुझी?"

"माझी काय?"

"तुझी सहावी. खोल होती. सबंध नख आत जायचं माझं. तुझ्या बापाचा हात होता ना वर." तिचा आवाज पुन्हा चढला. "खालच्या कडेला एक कपची उडालेली होती. दरवर्षी माझं बोट तिथे खुपायचं."

कर्टिसने मान वर केली. इतकी वर्षे त्याला वाटत होते की ती फक्त सातव्या खाचेसाठी मला मांडीवर घेते. तसे नव्हते, हे मलाही तेव्हाच कळले.

"तुला माझी आठवते?" त्याने विचारले.

"दोन पोरं होती मला," आर्डिथ म्हणाली. "एक ट्रकने नेलं. दुसरं तू घासून टाकलंस."

दुसऱ्या दिवशी हंगाम उघडला. सगळे गाव जंगलात गेले, कर्टिस गेला नाही. त्याने कोपऱ्यातली पोती बाजूला केली, ती खुराड्यातली शॉटगन काढली आणि स्क्रू-ड्रायव्हरची पाती घासायला बसला. अजूनही बसतो. मर्ल येतो, शिव्या देतो, एखादे पाते उजेडात धरून म्हणतो, "हं, हे चालेल." ऐकून बरे वाटते. पण माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असे मला वाटतही नाही. आता मी कपाटात नाही, आर्डिथच्या खुर्चीशेजारी उभी असते. तिचे नख रोज त्या चऱ्यावर येते. मग अंगठा वर सहाव्या खाचेकडे जातो, कपची शोधतो, आणि गुळगुळीत वॉर्निशवर घसरतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे काही जुने असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून फडके फिरवा, थोडे तेल द्या. त्याला एवढे पुरते. आणि ते नवेकोरे करण्याची हौस आलीच, तर पॉलिश पेपर उचलण्याआधी ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि त्याचा अंगठा कुठे कुठे थांबतो ते बघा.